भट्टीखालची माती

“या मातीत काही नाही,” बिराजदार सर म्हणाले.

त्यांनी कागद टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं, की मला अक्षर येत नाही. त्यांनी कागद परत स्वतःकडे ओढला आणि एका आकड्यावर बोट ठेवून सांगितलं, की पारा आहे म्हणावा इतका नाही. रस्त्याकडेच्या कुठल्याही मातीत निघेल तेवढाच.

“सर, परत एकदा बघा की.”

“दोनदा बघितलं, बाई.”

मी जागची हलले नाही. सर माणूस वाईट नव्हता. कॉलेजात रसायन शिकवायचे, आणि दवाखान्याच्या घाटपांडे डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली म्हणून स्वतःचं काम बाजूला ठेवून त्यांनी आमची माती तपासली होती. त्यांनी मला स्टूल दिलं आणि काय काय केलं ते सांगितलं. माती वाळवली, चाळली, तोलून झाकणाच्या बाटलीत घातली, वर तेजाब ओतलं आणि ती बाटली गरम पाण्यात ठेवली. उकळू दिली नाही, कारण पारा उघड्यावर तापला की उडून जातो. मातीतले धातू तेजाबात उतरतात, माती तळाला बसते, आणि वरचं पाणी यंत्राला दिलं की ते सांगतं, कुठला धातू किती.

“न उतरून जाईल कुठं?” ते म्हणाले. “असता तर सापडला असता.”

तेजाब काय आणि पारा काय, मला नवे नव्हते. आम्ही झारेकरी. सराफांच्या दुकानातला केर, त्यांच्या दारच्या गटारीतला गाळ, सोनारांच्या भट्टीतली राख, हे सगळं घरी आणायचं आणि उथळ परातीत पाण्यावर धुवायचं. हलकं असतं ते वाहून जातं, जड तळाला राहतं. त्या जडात पारा घालून मळलं की पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग फडक्यातून पिळून त्याची गोळी करायची, ती भट्टीत तापवायची. पारा उडून जातो, सोनं मुशीत राहतं. पारा उडून कुठं जातो, हे आमच्यात कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

पण आमच्या घरात भट्टी नव्हती. माझे सासरे होते तोवर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती. ते गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या पोरीच्या, इंदूच्या वडलांनी ती नदीकाठी, सगळ्या वस्तीच्या भट्ट्या होत्या तिथं हलवली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात नुसती धुलाई चालायची. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, घरात पारा असतो का, तेव्हा मी नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

घाटपांडेबाईंनी तेव्हा पुढचा प्रश्न विचारला होता: पूर्वी कधी होता का? मी भट्टीचं सांगितलं. त्या कोपऱ्यात आता काय आहे, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यंदा थंडी फार, सासूबाईंना दम्याचा त्रास, म्हणून तिथं शेगडी पेटवतो आणि तिच्या उबेला आजी-नात झोपतात. बाई लिहिता लिहिता थांबल्या. मग म्हणाल्या, त्या शेगडीखालची माती हवी.

इंदू त्या वेळी अजून शाळेत जात नव्हती. दिवाळीनंतर तिचं रूप पालटलं. आधी चिडचिड, मग झोप गेली. तळहात-तळपाय कुंकू लावल्यासारखे लाल झाले आणि सोलून निघायला लागले. घामानं झबलं पिळायला यायचं. उजेड सहन होईना. उशीत तोंड खुपसून पालथी पडून राहायची. पायाला हात लावला की किंचाळायची, आणि पुढं पुढं तर किंचाळायचीही ताकद राहिली नाही. दवाखान्यात तिला ठेवलं तेव्हा डोक्यावरचे केस माझ्या हातात यायला लागले होते.

घाटपांडेबाईंना पाऱ्याचा संशय आला होता. त्यावर औषध होतं, पण ते जहाल. पारा अंगात नसताना दिलं तर मूत्रपिंडं जातील, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. पुराव्याशिवाय ते सही करणार नव्हते. इंदूची लघवी मुंबईला पाठवली होती. तिचं उत्तर कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तोवर मातीचं उत्तर येईल, या एका आशेवर मी होते.

कागद घेऊन मी दवाखान्यात आले. घाटपांडेबाईंनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या तेव्हा माझ्याशी बोलताना त्या इंदूकडे बघत होत्या. म्हणाल्या, उद्या सकाळी घरी न्यायला सांगितलंय. ताकदीचं औषध लिहून देते.

“घरी नेलं तर ती मरंल, बाई.”

“मलाही तेच वाटतं.” त्या हळू आवाजात बोलल्या. “पण घरी नेऊ नका म्हणायला माझ्याकडे कारण नाही. हा कागद म्हणतो, घर स्वच्छ आहे.”

शेजारच्या खाटेवरल्या बाईला इंदूकडे लक्ष ठेवायला सांगून मी तिचे धुतलेले कपडे आणायला घरी गेले. खरं म्हणजे कपड्यांचं निमित्त होतं. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

दारात इंदूचे वडील गुडघ्यात मान घालून बसले होते. त्यांचे हात त्या काळातच थोडे कापायचे; लोक म्हणायचे, दारू. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. आत मोरीपाशी सासूबाई माती धूत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. नात दवाखान्यात पडल्यापासून त्या एकदाही तिला बघायला आल्या नव्हत्या, आणि ते माझ्या मनात ठसठसत होतं.

“आली गं बाई दवाखान्याची मालकीण,” आत्याबाई परात हलवत म्हणाल्या. “चूल पेटवायची आठवण हाय का तीबी तिकडंच ठिवलीस?”

इंदूच्या वडलांनी विचारलं तेव्हा सांगितलं, की मातीत काही निघालं नाही. उद्या पोरीला घरी आणायचंय. त्यांनी मान वर केली नाही.

आत्याबाई मात्र म्हणाल्या, “न्हाईच निघणार. तसली माती मी दीन व्हय? लोकाच्या हातात जायची म्हणून चांगली निवळ करून दिली.”

“निवळ करून?”

“धुऊन, वाळवून दिली. तीन पाणी बदाललं.” त्यांनी परातीला असा काही सफाईनं हिसका दिला की गढूळ पाणी काठावरून गेलं आणि तळाशी काळी रेघ उरली. “बघतीस काय अशी? झारेकऱ्याच्या घरातनं माती न धुता भाईर जात न्हाई. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. आन ही तर घराच्या भुईची माती. इंदीच्या लग्नाला उकरायची ठिवलीया.”

ते खरं होतं. आमच्या घरात रीत होती, की घरची भुई उगाच उकरायची नाही. वर्षानुवर्षं सांडलेले कण तिच्यात मुरलेले असतात. घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की ती खणायची, धुवायची, आणि निघेल त्याचं मणी-डोरलं करायचं. आत्याबाईंच्या हाताला ती सवय इतकी होती, की डॉक्टरांनी मागितलेली मूठभर मातीही त्यांनी धुतल्याशिवाय पिशवीत भरली नव्हती. जड ते काढून ठेवलं. हलकं, रिकामं ते सरांच्या बाटलीत गेलं.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग मी कोपऱ्यातली शेगडी उचलून बाजूला ठेवली आणि खुरपं शोधायला लागले.

“काय करतीस?”

मी सांगितलं. सरांना माती जशीच्या तशी पाहिजे होती, धुतलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, जुना पारा जमिनीत मुरून राहतो आणि वर शेगडी पेटली की वाफ होऊन वर येतो. पोर खाली झोपतं, तेच त्याच्या छातीत जातं. सकाळच्या आत सरांनी ते तपासलं तर औषध मिळेल.

आत्याबाई ओल्या हातानंच उठल्या आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, अगदी भट्टीच्या जागेवर. मांडी घालून.

“ह्या जाग्याला हात लावायचा न्हाई.”

“आत्याबाई, सरका.”

“डॉक्टरनं काय पारा खाऊन बघितलाय व्हय? माझी सगळी हयात ह्या भट्टीफुडं गेली. मला काय धाड झालीया?”

मी इंदूच्या वडलांकडे बघितलं. ते उठून आत आले, आईसमोर उभे राहिले, आणि एवढंच म्हणाले, “आय, सरक की.” तिनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते माझ्याकडे वळून पुटपुटले, की तिला उठवायचं म्हंजे बैलगाडी आणायला लागंल. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

मी आत्याबाईंसमोर खाली बसले. माझ्यातला राग संपला होता आणि त्याच्या जागी काहीच उरलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पोरीला बघायला आला नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. आता तिच्या हाताची साल निघते. ती उजेडाकडे बघत नाही. काल तिनं स्वतःची बोटं चावली आणि तिला ते कळलं नाही.

“ठावं हाय,” आत्याबाई म्हणाल्या.

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? इष्णूला असंच झालं हुतं.”

मी परत इंदूच्या वडलांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की हे नाव त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग आत्याबाईंनी सांगितलं, भिंतीकडे बघत. इंदूच्या वडलांच्या आधी त्यांना एक मुलगा होता. तो अंगावर पीत होता तेव्हा सासऱ्यांना मोठं काम मिळालं होतं, कुठल्याशा जुन्या पेढीची राख. भट्टी सकाळी पेटायची ती दिवे लागेपर्यंत. आत्याबाई त्याला मांडीवर घेऊन भाता ओढायच्या. दुसरं कुणी बाई-माणूस घरात नव्हतं. त्याचे हात लाल झाले तेव्हा सगळे म्हणाले, लक्ष्मीनं हात धरला, पोर भाग्याचं आहे. मग तो रडायला लागला, मग रडायचा थांबला. देवऋषी आला, कोंबडं झालं. लोक म्हणाले, घरात कुणाचा तरी तळतळाट आहे, याचं नाव परत काढू नका, नाहीतर पुढच्याला लागेल. त्यांनी काढलं नाही. इंदूचे हात लाल झाले त्या दिवशी त्यांना वाटलं, तेच परत आलं. आपण जवळ गेलो तर अजून लवकर नेईल.

“म्हणून मी दवाखान्यात आले न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुला वाटलं आसंल, म्हातारीला आतडं न्हाई.”

मला तसंच वाटलं होतं.

मग आत्याबाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, “डॉक्टरीण काय म्हणती? हे पाऱ्यानं हुतं?”

“व्हय.”

“भट्टीच्या वाफंनं?”

मी व्हय म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. त्या काय विचारत होत्या ते मला तेव्हा कळलं. मी व्हय म्हटलं असतं तर त्या क्षणी त्यांच्या मांडीवरचं पोर त्यांच्याच हातानं गेलं असतं. म्हणून त्या तिथं बसल्या होत्या. लग्नासाठी राखलेल्या सोन्याचं निमित्त होतं.

“मला म्हाईत न्हाई,” मी म्हटलं. “माती बघितल्याबिगर कुणालाच म्हाईत न्हाई.”

आत्याबाईंनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं. गुडघ्यावर हात टेकून थोड्या बाजूला सरकल्या आणि स्वतःच उकरायला लागल्या. वरचं सारवण फुटलं, खालची काळपट, घट्ट माती निघाली. दिसायला कुठल्याही मातीसारखीच होती. चांगली ओंजळभर झाल्यावर ती घेऊन त्या उठल्या आणि दोन पावलं मोरीकडे गेल्या. तिथं थबकल्या. परत आल्या, आणि माती तशीच फडक्यात बांधून माझ्या हातात दिली.

“मीबी येते,” त्या म्हणाल्या. “कुणी मदीच धुतली तर?” तोंडावर हसू नव्हतं.

आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा बिराजदार सर कुलूप लावत होते. पहिली माती धुतलेली होती, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. बाटलीत कसं घालायचं, किती तेजाब, किती गरम, हे सगळं मी शंभरदा तपासतो, ते म्हणाले, आणि माती कुणी कशी उचलली हे विचारलंच नाही. मग त्यांनी फडकं सोडून बघितलं. माती भुईच्या ओलीनं दमट होती. एरवी वाळायला ठेवली असती, म्हणाले, पण वेळ नाही. ओलीच घेऊ, ओल किती ते वेगळं तोलून वजा करू. आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगून ते आत गेले.

बाकावरून उघड्या दारातून ते दिसत होते. त्यांनी माती बाटलीत घातली, तेजाब ओतलं, झाकण घट्ट केलं. बाटली गरम पाण्यात उभी केली. तेजाबाचा वास बाहेर आला. तो आम्हा दोघींच्या ओळखीचा होता. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला नाही.

मी मनात म्हणत होते, निघू दे. हे देवा, भरपूर निघू दे. उभ्या जन्मात घरात विष निघावं म्हणून कुणी हात जोडले नसतील तसे मी जोडले होते. आणि मग माझी नजर शेजारी गेली. आत्याबाईंचेही हात जोडलेले होते, ओठ हलत होते. काय मागत असतील? नातीसाठी निघू दे म्हणत असतील, की इष्णूसाठी निघू नको म्हणत असतील? दोन्ही एकदम मागता येत नव्हतं. मी विचारलं नाही. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. मी त्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

ऊन भिंतीवरून वर चढत गेलं. सरांनी बाटली गार केली, पाणी गाळलं, यंत्रापाशी गेले. परत एकदा गेले. मग आणखी पाणी घालून पातळ केलं आणि परत गेले. मला वाटलं, सापडत नसणार म्हणून शोधतायत.

सर बाहेर आले तेव्हा हातात कागद नव्हता.

“आहे,” ते म्हणाले. “इतका आहे की यंत्राच्या मोजमापात बसेना. पातळ करून करून मोजावा लागला. मी दवाखान्याला फोन करतो. तुम्ही लगेच निघा, कागद लिहून देतो.”

औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं. इंदू वाचली. पुढं पुष्कळ महिने तिला नीट चालता येत नव्हतं आणि एक कान कायमचा अधू राहिला. पण ती वाचली. आज हे सांगायला सोपं जातं. त्या घडीला मला फक्त दवाखान्याची वाट दिसत होती. सरांनी कागद दिला तो मी पोलक्यात खुपसला आणि आत्याबाईंना म्हटलं, चला.

त्या उठल्या नाहीत.

“सायेब,” त्यांनी सरांना विचारलं, “माझा इष्णू गेला त्याला लई वर्सं झाली. तवाचाबी पारा वर आला का ह्यात?”

इष्णू कोण, हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे, आणि त्यांना काय समजलं कोण जाणे. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

“मातीत असेल ते सगळं वर येतं, आजी,” ते म्हणाले. “पण कुठलं कधीचं, ते यंत्राला कळत नाही.”

“ऱ्हाऊ द्या,” आत्याबाई म्हणाल्या. “मला कळतंय.”